दोनशे चौदाला उत्तर

शटर ते एका दमात कधीच वर ढकलायचे नाहीत. अर्ध्यावर थांबायचे, वाकून आत कान द्यायचे. सगळी घड्याळं चालू आहेत ना, ते ऐकायचे. मग उरलेलं अर्धं.

चहाचा कप डाव्या हातात. उजवा हात फक्त कामाचा.

शिंक आली की तोंड भिंतीकडे. टेबलावरचं एखादं चाक उडालं तर अख्खी दुपार रांगण्यात जाते म्हणून.

कुणी किती वाजले विचारलं तर भिंतीवरच्या तेवीस घड्याळांकडे बघायचे नाहीत. खिशातलं काढायचे. भिंतीवरची लोकांची, म्हणायचे, त्यांचा काय भरवसा.

काढलेला स्क्रू नुसता टेबलावर ठेवायचा नाही. आधी कागदावर त्या घड्याळाचं चित्र, मग ज्याचा त्याचा स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी.

घड्याळ उघडलं की पहिल्यांदा सेल बाहेर. बाकीचं नंतर.

गिऱ्हाइकाला "होईल" म्हणायचे नाहीत. "बघतो" म्हणायचे.

फोन उचलला की "बोला." त्यानंतर स्वतः काही बोलायचे नाहीत.

बरोबर एक वाजता डबा काढायचे आणि लॅपटॉपही. आधी उघडायचा लॅपटॉप.

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीला हे सगळं पाठ झालं होतं. मुद्दाम केलं नव्हतं. गल्ली सहा पावलांची, आणि तिच्या काउंटरवरून दुसरं काही दिसायचंच नाही. ती साहित्यात एम.ए. होती. कॉलेजातल्या नोकरीसाठी अर्ज करून दोन वर्षं झाली होती, आणि तोवर म्हणून धरलेलं हे काम आता सुटत नव्हतं. घड्याळकाका तिला एम.ए. म्हणूनच हाक मारायचे.

"काय एम.ए., आज किती कागद काळे केले?"

"चारशे. तुम्ही?"

"तीन सेल बदलले. हात भरून आले बघ."

हा त्यांचा रोजचा विनोद. त्याच्या आत काय होतं ते तिला उशिरा कळलं. ह्या माणसाने एके काळी चाकांचे केसाएवढे आस हाताने घासून बनवले होते. चौदाव्या वर्षी एका उस्तादाच्या हाताखाली बसले, ते तो जाईपर्यंत उठले नाहीत. दुकान उस्तादाचंच. आई होती तोवर आईचं केलं. लग्नाचं कुणी काढलं नाही आणि ह्यांनी आठवण करून दिली नाही. एक बहीण दूरच्या गावी. मग लोकांच्या मनगटावरची घड्याळं फोनमध्ये गेली, आणि उरले सेल. दिवसाला तीन, कधी चार.

एकदा तिने विचारलं, "काका, रोज एक वाजता कुणाशी बोलता हो?"

"दोनशे चौदाशी."

"म्हणजे कोण?"

"ते नाही माहीत."

टपालाने बुद्धिबळ खेळणाऱ्यांचा एक क्लब होता. सभासदांना नावं नव्हती, नंबर होते. पोस्टकार्डावर एक खेळी लिहून धाडायची, समोरच्याची यायची वाट बघायची. पुढे क्लब ईमेलवर गेला. काकांचा नंबर एकशे सहा. दोनशे चौदा त्यांच्या वाट्याला आला त्याला अकरा वर्षं झाली होती. मधल्या काळात क्लब बंद पडला, चिटणीस वारले. ह्या दोघांना कुणी थांबा म्हटलं नाही, म्हणून हे खेळत राहिले. एकतीस डाव झाले. अकरा ह्यांचे, अकरा त्याचे, नऊ बरोबरीत. बत्तिसावा चालू होता.

"आणि खेळीशिवाय काहीच लिहीत नाही तुम्ही? कसे आहात, काय चाललंय?"

"कशाला? खेळी आली म्हणजे आहे."

"नाही आली तर?"

काका डब्याचं झाकण लावत होते. ते नीट बसलं तरी त्यांनी पुन्हा एकदा दाबलं.

"तर दहा दिवस," ते म्हणाले. "क्लबचा नियम. दहा दिवसांत उत्तर नाही आलं, तर समोरच्याने डाव सोडला असं समजायचं."

*

एका मंगळवारी दोनशे चौदाची तेविसावी खेळी आली. हत्ती मधल्या पट्टीत. काका ती बघून हसले आणि लगेच गंभीर झाले. त्यांनी गल्लीपलीकडे हाक मारली.

"एम.ए., इकडे ये. इथे कान लाव."

तिने लॅपटॉपला कान लावला. "पंखा आहे."

"पंख्याच्या मागे. ठोका चुकतोय."

खरंच होतं. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग घाईघाईने दोन. तिने आपल्या दुकानातल्या संगणकावर शोधलं. हार्ड डिस्क मरायला टेकली की असाच आवाज येतो म्हणे. सगळं लवकर नव्या डिस्कवर उतरवून घ्या म्हणे.

"किती दिवस काढेल?" तिने विचारलं.

"जास्तीत जास्त पंधरा," काका म्हणाले. मनगटी घड्याळाबद्दल सांगावं तसं.

नवी डिस्क तिने संध्याकाळीच आणली. बुधवारी काकांनी लॅपटॉप उघडला. आधी चित्र काढलं. अकरा स्क्रू चित्रावर अकरा जागी बसले. तिने जुनी डिस्क आपल्या संगणकाला वायरीने जोडली, नवी शेजारी, आणि एकीतलं सगळं जसंच्या तसं दुसरीत उतरवायला लावलं. त्याला चार तास लागले. तेवढा वेळ ती समोर आणि आपल्याकडे अशा फेऱ्या घालत होती. काकांनी मोकळ्या लॅपटॉपचा पंखा ब्रशने झाडला, रबरी फुंकणीने धूळ उडवली, डोळ्याला भिंग लावून प्रत्येक सांधा पाहिला. असं आतून तपासलेलं यंत्र त्यांना बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं. ते गुणगुणत होते. ती मध्येच झेरॉक्सला धावली तेव्हाही गुणगुणणं ऐकू येत होतं.

दुपारी नवी डिस्क आत गेली, अकरा स्क्रू परत बसले. काकांनी बटण दाबलं.

पडदा उजळला. सुरुवातीचं चित्र आलं. मग निळा झोत चमकला, वाचायच्या आत गेला, आणि लॅपटॉप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा चित्र. पुन्हा निळा झोत. पुन्हा पहिल्यापासून.

"बघतो," काका म्हणाले. पण बघत ती होती.

गुरुवारी तिने सगळं पुन्हा उतरवलं. तेच. मग तिला सुचलं, जुनी डिस्क परत बसवून बघू. जुनी कालपर्यंत चालत होती ना? कशी का चालेना. काकांनी ती बसवली. बटण दाबलं. चित्र, निळा झोत, पहिल्यापासून.

नवी चालत नाही हे समजण्यासारखं होतं. जुनीही चालत नाही म्हणजे आपल्या हातून काहीतरी मोडलं.

"तू काही केलं नाहीस," काका तिचा चेहरा बघून म्हणाले. "उघडला मी होता."

जुनी डिस्क तिच्या संगणकाला जोडली की त्यातल्या वस्तू दिसत. काकांच्या बहिणीचे फोटो दिसत. ईमेलची मात्र एकच जाडजूड फाइल होती, आणि ती उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं बाहेर पडत.

"मग माझ्याकडून उघडू ना तुमचं ईमेल. पासवर्ड सांगा."

"ते मला कुठे ठाऊक? ज्याने लॅपटॉप तयार करून दिला, त्यानेच काय ते भरलं होतं. मी बटण दाबतो, ते उघडतं."

"तो कुठे असतो?"

"दुकान विकून गेला. वर्षं झाली."

"बरं, दोनशे चौदाचा पत्ता तरी?"

काकांनी लॅपटॉपकडे बोट केलं. पत्ता आत होता.

त्या दिवशी तिने लॅपटॉप सुरू होतानाची एक कळ दाबून सेटअपचा पडदा उघडला. डिस्क ओळखली जातेय का एवढंच तिला बघायचं होतं.

"दिसतेय की! हे बघा नाव, हा आकार. मग दुखणं काय आहे ह्याचं?"

काका वरच्या कोपऱ्यात बघत होते. "हे घड्याळ चुकलंय."

तिथे एक जानेवारी होती. तेरा वर्षांपूर्वीची.

"काका, म्हातारा झालाय तो. चुकणारच."

"म्हातारं घड्याळ मागे पडतं, पुढे जातं. तेरा वर्षं मागे जात नाही."

"असू दे हो. तारखेने काय होतंय?" असं म्हणून तिने तो पडदा बंद केला.

*

शनिवारी ती लॅपटॉप घेऊन तीन गल्ल्या पलीकडच्या लॅपटॉपवाल्याकडे गेली. काकाही दुकान बंद करून आले. भर दुपारी शटर खाली आलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. लॅपटॉपवाल्याने चार वेळा बटण दाबलं, पाठीमागे थाप मारली, आणि हात झटकले.

"मदरबोर्ड गेला, काका. आता हा माळ्यावर टाका. मी तुम्हाला चांगला वापरलेला देतो."

"मला हाच चालू करायचाय."

"जीव गुंतलाय, कळतं मला. पण मशीनला जीव नसतो ना."

"जीव नसतो," काका म्हणाले. "कारण असतं. ते सांग. मदरबोर्ड कशाने गेला?"

"आता ते कसं सांगणार? जातो."

काकांनी लॅपटॉप उचलून छातीशी धरला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "कशाने ते कळलं नाही की हा म्हणतो 'जातो'. माझ्या उस्तादाने कानशिलात दिली असती."

रविवारी दोन्ही दुकानं बंद. तिला घरी बसवेना. जुनी डिस्क पुन्हा एकदा वाचून बघावी म्हणून ती काकांच्या खोलीवर गेली. आधी कधी गेली नव्हती. तिसरा मजला, एक खोली. एक पलंग, चादर ताणून बसवलेली. एक खुर्ची. ओट्यावर दोन कप, त्यातला एक कायमचा पालथा. त्याच्या बुडावर धुळीचं वर्तुळ बसलं होतं. काकांनी तो धुतला आणि तिला चहा दिला. स्वतः पलंगावर बसले.

भिंती मोकळ्या होत्या.

"घरी एकही घड्याळ नाही?"

"घरी कुणाला कुठे जायचंय?"

खिडकीपाशी एका स्टुलावर बुद्धिबळाचा पट मांडला होता. चालू डाव, बत्तिसावा. कपाटावर दुसरा पट होता, वर्तमानपत्राने झाकलेला.

"तो कुणाचा?"

काकांनी कागद अलगद उचलला. मोहरे अर्ध्या डावात उभे होते. लाकूड काळवंडलं होतं.

"त्र्याहत्तर नंबरचा. दोनशे चौदाच्या आधी हा होता. पोस्टकार्डं यायची. हिरव्या शाईची." ते कागद घडी करत राहिले. "मग थांबली. दहा दिवस झाले. मी वीस दिवस वाट बघितली. मग चिटणिसांना लिहिलं. ते म्हणाले, सभासद वारले. तुम्हाला डाव दिलाय."

तिने कप खाली ठेवला.

"जिंकलो मी," काका म्हणाले. "क्लबाच्या वहीत तसं लागलंय. खरं तर हरत होतो. बघ ना, वजीर कुठे अडकलाय माझा."

तिला बुद्धिबळ येत नव्हतं. तरी ती बघत राहिली.

"आज पाचवा दिवस," ते म्हणाले. दिवस ते मोजतात हे त्यांनी तोंडाने कबूल केलं ते एवढंच. "डावाचं काही नाही गं. एक डाव गेला तर गेला. पण तो काय समजेल? मी गेलो असं समजेल. मी इथे चहा पितोय, आणि तिकडे मी गेलेलो. आणि मग तोसुद्धा कुठेतरी लिहून टाकेल, जिंकलो म्हणून."

*

सोमवार, मंगळवार, बुधवार. काका एक वाजता डबा काढत, काळा पडदा समोर उघडत, जेवत. ती रात्रीच्या जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी रोज एक नवी गोष्ट करून बघे. वायर बदलली. रॅम काढून पुसून बसवली. एकाने सांगितलं म्हणून बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालवून बघितला. चित्र, निळा झोत, पहिल्यापासून. बुधवारी तिने हात टेकले.

"काका, मला माफ करा. मला एवढंच येतं."

"तुला बरंच येतं," ते म्हणाले. "मला ते घड्याळ परत दाखव."

"कोणतं?"

"त्याच्या आतलं. चुकलेलं."

गुरुवारी सकाळी, शटर अर्ध्यावर असतानाच तिने लॅपटॉप चालू केला आणि सेटअप उघडला. नववा दिवस. वरच्या कोपऱ्यात पुन्हा तेरा वर्षांपूर्वीचा जानेवारी. एक नव्हे, आठ तारीख, संध्याकाळ.

काकांनी खिशातलं घड्याळ काढलं. पडद्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहिलं. ओठ हलवत मोजलं.

"हे चुकत नाहीये," ते म्हणाले. "हे बरोबर चालतंय. सेकंदाचाही फरक नाही. फक्त ह्याला कुणीतरी शून्यावर आणून सोडलंय. एक तारखेच्या मध्यरात्रीपासून हे जेवढं चाललं, तेवढं मागे जा. बुधवार येतो. दुपार." त्यांनी घड्याळ मिटलं. "बुधवारी दुपारी ह्याच्या घड्याळाला हात कुणी लावला?"

"कुणी नाही. डिस्कच तर बदलली आपण."

काका टेबलाकडे बघत होते. तिथे उजव्या हाताला एक बशी होती. सेल ठेवायची.

"मी सेल काढला होता," ते म्हणाले.

"कसला सेल?"

"नाण्याएवढा. आत एका कोपऱ्यात होता. यंत्र उघडलं की पहिल्यांदा सेल बाहेर. पन्नास वर्षं... हाताने काढला, मी नाही काढला. वर नवा बसवूनही दिला. म्हटलं, उघडलंय तर बदलूनच टाकू." ते खाली बसले. "दिवसाला तीन."

ती धावत आपल्या दुकानात गेली. आजवर शोधलं होतं ते सगळं डिस्कबद्दल शोधलं होतं. आता सेलबद्दल शोधलं. पाच मिनिटांत सापडलं. कुणा अनोळखी माणसाने वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता. लॅपटॉप बंद असताना त्याला चार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. त्या तो नाण्याएवढ्या सेलच्या जोरावर ठेवतो. तारीख ही त्यातली एक. डिस्कशी कोणत्या तऱ्हेने बोलायचं ही दुसरी. तऱ्हा दोन, जुनी आणि नवी. लॅपटॉप तयार करून देणाऱ्याने जुनी लावून ठेवली होती. सेल निघाला आणि लॅपटॉप सगळं विसरून कारखान्यातून आला तसा झाला. नव्या तऱ्हेने हाका मारू लागला. ती भाषा ना नव्या डिस्कवरच्या नकलेला कळत होती, ना जुनीला.

मोडलं काहीच नव्हतं.

ती परत आली. सेटअपमध्ये तिसऱ्या पानावर एक ओळ होती. तिने ती बदलली. बाहेर पडणार तोच काकांनी तिचा हात धरला.

"थांब. आधी वेळ लाव."

"काका, ती नंतरही..."

"आधी वेळ."

तिने तारीख लावली. काकांनी खिशातलं घड्याळ समोर धरलं, काटा बारावर येईपर्यंत तिला थांबवलं, आणि मग म्हणाले, "आता."

चित्र आलं. निळा झोत आला नाही. काकांचा ओळखीचा पडदा उघडला. कोपऱ्यात बहिणीचा फोटो, मध्ये ईमेलची खूण. तेवीस घड्याळांची टिकटिक एकदम मोठी वाटली. खूण दोनदा दाबायची ती त्यांनी चारदा दाबली.

दोनशे चौदाकडून एक ईमेल आलं होतं. काल दुपारचं. त्यात खेळी नव्हती.

"बरे आहात ना?"

काकांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा वाचलं. अकरा वर्षांत खेळीशिवाय आलेली ती पहिली ओळ.

"हा बोलतो," ते म्हणाले.

मग त्यांनी आधी खेळी लिहिली. चोविसावी, उंट. नऊ दिवस ती तयार होती. पाठवली.

"आणि ह्याचं उत्तर?" तिने विचारलं.

"ते सावकाश. ते काय खेळीसारखं आहे?"

अर्ध्या तासात दोनशे चौदाची पंचविसावी खेळी आली. काका शटरबाहेर येऊन गल्लीत ओरडले, "एम.ए.! अर्ध्या तासात! लबाड वाटच बघत बसला होता!" लोक वळून बघू लागले. त्यांना ते कळलंही नाही.

*

शुक्रवारी ते काउंटरपाशी आले. हात मागे बांधलेले.

"तू साहित्याची. दोन ओळी लिहून दे. बरा आहे म्हणून."

तिने मन लावून लिहिलं. बारा ओळी झाल्या. अकरा वर्षांच्या मौनाबद्दल होत्या, पटाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन एकट्यांबद्दल होत्या. तिला स्वतःला त्या आवडल्या. काकांनी कागद लांब धरून वाचला.

"मौन कुठलं? अडीच हजार खेळ्या बोललोय आम्ही."

"मग ते काढू."

"नको, छान आहे हे. पण हे वाचून तो म्हणेल, हा एकशे सहा नव्हे. ह्याच्या जागी दुसरंच कुणी येऊन बसलंय." त्यांनी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. परत दिला नाही. "मीच बघतो."

शनिवारी एक वाजता त्यांनी लॅपटॉप उघडला. डबा बाजूला तसाच होता. ते पडद्यासमोर बसले होते, दोन्ही हात टेबलावर, आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबत होते. बराच वेळ. एक बाई सेल बदलायला आली, तेव्हा ते उठले. बाई बोलकी होती. ती गेली तेव्हा डबा खायची वेळ टळून गेली होती. संध्याकाळी शटर ओढताना त्यांनी समोर बघून हात केला.

"झालं का लिहून?" तिने ओरडून विचारलं.

"होतंय!" ते म्हणाले.

"बघतो" म्हणाले नाहीत. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

सोमवारी शटर उघडलं नाही. नऊला पाच कमी असताना ती तिकडे बघत होती, नऊ वाजता बघत होती, नऊ वाजून दहा मिनिटांनी तिने आपलं मशीन बंद केलं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं आणि आत शेजारी होते. रविवारी जेवून पलंगावर आडवे झाले, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ओट्यावर दोन्ही कप धुऊन सुलटे ठेवले होते. खिडकीपाशी पट होता. कपाटावरचा पट कागदाने झाकलेला होता.

बहिणीचा मुलगा मंगळवारी आला. भला माणूस होता, घाईत होता. शनिवारी त्याने दुकान रिकामं करायला घेतलं. गिऱ्हाइकांची तेवीस घड्याळं त्याने चिठ्ठ्या बघून एका खोक्यात नीट भरली. ती मदतीला गेली होती.

"मामा तुमच्याबद्दल सांगायचे," तो म्हणाला. "फोनवर. म्हणजे सांगायचे असं नाही. मी विचारलं की, समोर एक एम.ए. आहे म्हणायचे." त्याने लॅपटॉप उचलून पाहिला. "हे धूड तुम्हीच ठेवा. आमच्याकडे कुणी वापरणार नाही."

ती लॅपटॉप घेऊन आपल्या काउंटरमागे बसली. एक वाजला होता. तिने बटण दाबलं. तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर होतं.

दोनशे चौदाची पंचविसावी खेळी वाचलेली होती. तिला नऊ दिवस झाले होते. वर एक नवं ईमेल होतं. कालचं.

"बरे आहात ना?"

समोर भाच्याने शटर खाली ओढलं. एका दमात. तिने मान वर केली नाही. डाव्या बाजूला, अर्धवट राहिलेल्या ईमेलच्या कप्प्यात, एक हा आकडा दिसत होता. तिने तो उघडला. गेल्या शनिवारचं, दुपारी दोनला वीस कमी असतानाचं.

"दोनशे चौदा,

मी बरा आहे. लॅपटॉप बिघडला होता. चूक माझी, सेल काढायला नको होता. माझं घड्याळांचं दुकान आहे. समोर एक मुलगी असते, तिने चालू करून दिला. घोडा मी उद्या खेळेन. तुम्ही"